वखारीतला ओला कोळसा

साठच्या दशकात घाटकोपरला आमच्या घरी दगडी कोळशाची शेगडी होती आणि भूगोल शिकवणारा नवरा होता. कोपऱ्यावरचा वखारवाला वजन करण्याआधी कोळशावर बादलीभर पाणी ओतायचा, म्हणे धूळ उडू नये म्हणून! तो कोळसा मेला पेटता पेटायचा नाही. एकदा मी धुरात खोकत वारा घालत होते आणि हे चहाची वाट बघत मला शिकवत होते.

"अगं, कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या खाडीसारखी दलदल होती. बारा महिने उकाडा, कावळ्याएवढे किडे. तिथली झाडं गाडली गेली, त्यांचाच हा कोळसा!"

मी पाणी गळणारा एक खडा त्यांच्या हातावर ठेवला.

"मग कोट्यवधी वर्षांत ती दलदल वाळली कशी नाही, ते जरा वखारीत जाऊन शिकवून या."