आकडा वाच, दादा

चष्मेवालीचं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर होतं. पाटीवर तिच्या वडिलांचं नाव असलं, तरी गल्लीतले लोक तिला चष्मेवाली म्हणूनच ओळखत. आलेलं गिऱ्हाईक ती लगेच खुर्चीत बसवत नसे. माणूस पायरी कशी चढतो, किमतीची चिठ्ठी किती लांब धरतो, बोलताना मान कुठे झुकवतो, हे बघूनच तिचं अर्धं निदान होऊन जाई. परक्यांच्या बाबतीत हे तिला सहज जमायचं, सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र नाही.

दादा तिच्याहून बराच मोठा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. वडील गेल्यावर दोघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली. वहिनीला पाण्यावर पाऊल टाकलं की मळमळायचं, म्हणून बोटीवर ही दोघंच. दुकान बंद असलं की बहीण-भाऊ सकाळी निघत आणि उन्हं कलायच्या आत परत येत. दादा सुकाणूवर, ही दोरांवर.

मग दादाने ठरवलं की बोटीवर आता इलेक्ट्रॉनिक नकाशा हवा. दोघं बोटीच्या सामानाच्या दुकानात गेली. विक्रेत्याने एक मोठा रंगीत टचस्क्रीन टेबलावर ठेवला आणि नकाशा बोटाने जवळ-लांब करून दाखवला. दादा हरखला.

"नकाशा, वेग, खोली, वारा, सगळं एकाच पडद्यावर," तो म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

चष्मेवालीने पडदा उचलून दुकानाच्या दारात उन्हात नेला आणि आपला पाण्यावरची चकाकी अडवणारा पोलराइज्ड गॉगल चढवला. पडदा थोडा तिरका केल्याबरोबर नकाशा काळाठिक्कर पडला.

"समुद्रावर तू गॉगल घालणारच," ती म्हणाली. "मग बघणार काय, कप्पाळ?"

"गॉगल काढीन की."

"आणि ओला झाला तर?"

"पाणी आत जात नाही, ताई," विक्रेता मध्ये पडला.

"आत जायचं मी नाही विचारत. ओल्या काचेवर बोट चालतं का?"

विक्रेत्याने पडदा तिच्या हातून घेऊन परत टेबलावर ठेवला. शेवटी बराच वाद होऊन दोन्ही घेतलं. सुकाणूसमोर दादाचा मोठा पडदा बसला, आणि केबिनच्या दारावर बटणांचा एक छोटा करडा डिस्प्ले, जो फक्त पाण्याची खोली दाखवायचा, ठसठशीत काळ्या आकड्यांत.

"हा काय भाजीवाल्याचा वजनकाटा लावलास?" दादा म्हणाला.

"राहू दे. तुझ्या जिवावर उठत नाही तो."

पुढच्या काही महिन्यांत वहिनीने तिला दोनदा बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, हे चहा कपाच्या बाहेर ओततात. पेपर नुसता समोर धरून बसतात. तू बघ ना जरा."

तिने पाहिलं होतं. मोठ्या पडद्यावर काही वाचायचं असलं की दादा मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. गिऱ्हाईक असतं तर तिने हाताला धरून खुर्चीत बसवलं असतं. पण दादाला काय सांगायचं, आणि सांगितल्यावर सुकाणूचं काय, हा विचार आला की ती दुसरंच काहीतरी बोलायला लागायची.

त्या सकाळी दोघं भूशिराला वळसा घालून पलीकडच्या खाडीत निघाली होती. भूशिराच्या टोकाशी पाण्याखाली कातळांची रांग होती. तिच्या बाहेरून जायचं, हे ठरलेलं. वारा बेताचाच होता. अर्ध्या वाटेवर धुकं आलं आणि बघता बघता इतकं दाटलं, की बोटीचं पुढचं टोकही नीट दिसेना.

"परत फिरू या का?" तिने विचारलं.

"कशाला? नकाशा आहे की. हे बघ, समोर मोकळं पाणी आहे."

तिने केबिनच्या दाराकडे पाहिलं. खोली नऊ मीटर. ठीक होतं. पुन्हा पाहिलं तेव्हा सात.

"दादा, पाणी कमी होतंय."

"होईल थोडं कमी-जास्त."

"सहा झालं."

"छोटी, माझ्यासमोर अख्खा नकाशा आहे. एका आकड्याला काय कवटाळून बसलीस?"

बोटीला तरंगायला दीड मीटर पाणी लागायचं. म्हणजे घाबरावं असं अजून काही नव्हतं. पण मोकळ्या समुद्रात खोली अशी उतरत जात नाही, हे तिला ठाऊक होतं. आकडा पाचवर आला. पुढे कुठेतरी पाणी कशावर तरी आपटत असल्याचा आवाज येत होता, पण धुक्यात तो नेमका कुठून येतोय ते कळेना.

ती दोर सोडून मागे आली आणि दादाच्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं. काचेवर धुक्याचे थेंब जमले होते, ओघळत होते. नकाशा खरंच स्वच्छ होता, पांढराशुभ्र. पण त्यात अख्खा किनारा तळहाताएवढा झालेला. थेंबांनी की दादाच्या बोटाने कोण जाणे, चित्र लांब गेलं होतं, आणि इतक्या लांबून बारीकसारीक खडक नकाशा दाखवतच नव्हता.

"हा किती लांबचं दाखवतोय? खाली कोपऱ्यात आकडा आहे बघ."

दादाने मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"आकडा वाच, दादा."

"एक," तो म्हणाला. "एक मैल."

तिथे अकरा होते.

तिने काचेवर बोट ठेवून पाहिलं, चित्र हलेना. खिशात चष्मे पुसायचं मऊ फडकं होतं, त्याने काच कोरडी केली, हात कपड्याला पुसले आणि पुन्हा प्रयत्न केला. नकाशा जवळ आला तसे अंगावर पुरळ उठावं तसे खडक उमटले. बोटीची खूण त्यांच्या मधोमध होती.

"आपण रांगेच्या आत आहोत," ती म्हणाली. "दादा, मी सांगते तसं कर. माझ्यावर सोड."

त्याने मान डोलावली. तिने शीड उतरवून इंजिन चालू केलं. करडा डिस्प्ले अडीचवर आला होता. पाणी कमी आहे एवढंच तो सांगत होता. वाट कुठल्या बाजूला आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. ते मोठ्या पडद्यावरच होतं: बोट आली त्या वाटेची बारीक रेघ.

"डावीकडे. हळू. आणखी."

बोट वळता वळता तळाशी करकर झाली आणि दोघांच्या पायांतून वर चढली. दादाने सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. ती एका हाताने काच पुसत होती.

"इंजिन वाढवू?" त्याने विचारलं.

"नको. आहे तसंच. आता सरळ."

बोट अडली, कलली, आणि एका लाटेने उचलली तशी सुटली. ती रेघेवर नजर ठेवून वाट सांगत गेली आणि तो धुक्यात बघत तिच्या आवाजावर बोट नेत राहिला. तीन. चार. सहा. दहा झाल्यावरच तिने इंजिन बंद केलं. आधी केबिनची फळी उचलून आत पाणी शिरलंय का ते पाहिलं. कोरडं होतं. मग नांगर टाकून दोघं धुकं विरायची वाट बघत बसली.

"मधलं दिसत नाही," दादा म्हणाला. "कडेचं दिसतं. मधे डाग आहे, आणि सरळ रेघा वाकड्या दिसतात."

"कधीपासून?"

"पडदा घेतला त्याच्या आधीपासून. मोठा हवा होता तो त्यासाठीच. तुला सांगितलं असतं तर तू मला बोटीवर पाय ठेवू दिला नसतास."

"मला कळलं होतं, दादा. चहा सांडायला लागलास तेव्हापासून." "आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले."

दोघंही एकमेकांवर चिडली नाहीत. चिडायला त्राणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं जपता येईल, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीने ऐकून घेतलं आणि नणंदेला विचारलं, "म्हणजे बोट विकणार?" चष्मेवालीने नाही म्हटलं, तेव्हा वहिनीने कपाळाला हात लावला.

दोघं अजून जातात. सुकाणूवर दादाच असतो, कारण वाऱ्याचा अंदाज त्याला गालावरून येतो, तिला नाही. मोठ्या पडद्यावर आता छोटंसं छप्पर आहे, थेंब पडू नयेत म्हणून. धुकं दिसलं की निघत नाहीत. ती दोन्ही पडद्यांवरचे आकडे मोठ्याने वाचते आणि तो सुकाणू हलवतो. "स्टेशनवरच्या बाईसारखं नको गं वाचूस," तो कुरकुरतो, "झोप येते."

"मग जागा राहा," ती म्हणते, आणि पुढचा आकडा वाचते.