धोंडाबाईचं मोप

धोंडाबाई लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीच्या बंगल्यांना दूध घालायची. उंच, काटक, बोलायला फटकळ. दुधात पाणी आहे का विचारलं तर 'पानी पायजे तर तळ्याव जा' म्हणणारी. तिच्या तोंडी एक शब्द सदा असे: मोप. पाऊस मोप, डास मोप, सुनेची बडबड मोप. भरपूर, एवढाच अर्थ.

दुसरा शब्द मॉब. तो मी कॉलेजात शिकले. लॅटिनमध्ये 'मोबिले वुल्गुस', म्हणजे चंचल रयत. इंग्रजांनी शेपूट छाटून त्याचा मॉब केला. क्राउड म्हणजे नुसती गर्दी, मॉब म्हणजे बिथरलेली. वापर असा, की आपली माणसं जमली तर क्राउड, दुसऱ्यांची जमली की मॉब. हे शेवटचं शब्दकोशात लिहीत नाहीत.

कायदेभंगाच्या साली धोंडाबाईची म्हैस एका बंगल्याच्या बागेत शिरली नि लोणावळ्याच्या कोंडवाड्यात गेली. मुलगा हौशीराम सोडवायला गेला, मागोमाग धोंडाबाईही. बाजारचा दिवस, बघे जमले. गलक्याने बिथरली ती म्हैस. तिनेच फाटक पाडलं. फौजदाराने मात्र लिहिलं, हौशीरामने मॉब आणून फाटक फोडलं. त्या साली चार माणसं एकत्र दिसली तरी सरकार दचकत होतं. मॉब ठरला तर दंगा, म्हणजे तुरुंग. बघे ठरले तर सुटका.

माझे वडील, आमचे दादा, हौशीरामचे वकील. सुट्टीत घरी आलेली मी कचेरीत हौशीरामच्या बायकोशेजारी बसले. साक्षीला धोंडाबाई. मॅजिस्ट्रेट गोरा, मराठीची परीक्षा पास झाल्याची त्याला फार घमेंड. दुभाष्याला हातानेच गप्प करून त्याने विचारलं,

"बाई, तिथे मॉब होता?"

"व्हय की. मोप."

साहेबाची लेखणी चालू लागली. दादा उठले. "बसा," साहेब म्हणाला. "मॉब कोणी आणला?"

"आनतंय कोन, सायेब? बाजारला मोप असत्यातच. सनाला तर लय मोप."

हौशीरामच्या बायकोने माझं मनगट आवळलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण फौजदार हसतोय हे दिसत होतं.

अखेर दादांची पाळी आली. त्यांनी माणसांचा विषयच काढला नाही.

"धोंडाबाई, म्हैस दूध किती देते?"

"गाभन हाय, वकीलभाऊ. आटलीया. पर याली की मोप."

लेखणी थांबली. "दुधाचा मॉब?" साहेबाने दुभाष्याकडे पाहिलं.

"साहेब, मोप म्हणजे पुष्कळ," तो खाली बघत म्हणाला. "मघाशी तेच सांगत होतो."

साहेबाचे कान तांबडे झाले. कोणी हसलं नाही. हसणं परवडणारं नव्हतं. स्वतःची चूक मान्य करायची की हौशीरामला आत टाकायचं, दोन्ही त्याच्याच हातात. त्याने टाक दौतीत बुडवला. मग त्याने शब्द खोडला आणि वर क्राउड लिहिलं. हौशीराम सुटला.

बाहेर दादांनी धोंडाबाईला सगळं समजावलं. तिने पदर तोंडावर धरला. "मंजी माजंच त्वांड लेकाला आत घालीत व्हतं?"

पुढे कितीतरी वर्षं ती आमच्याकडे दूध घालत होती. मी मुद्दाम विचारायची, "काय धोंडाबाई, यंदा दूध मोप?"

ती आधी रस्त्यावर खाकी कोणी नाही ना, बघून घ्यायची.

"हाय," म्हणायची, "पुरंल इतकं."