पेंटर मामांची भिंत

पेंटर मामा रंग लावण्याआधी भिंतीची चव घ्यायचे. बोट भिंतीवर घासायचं, जिभेला टेकवायचं आणि जरा वेळ डोळे मिटून उभं राहायचं. नवखा माणूस हसायचा. मामा त्याच्याकडे बघायचेही नाहीत. "खारट हाय. रंग धरायची न्हाई. दोन पावसाळे जाऊ द्या," एवढं बोलून शिडी खांद्यावर टाकायचे. घरमालकानं कितीही गळ घातली तरी खारट भिंतीला त्यांनी कधी ब्रश लावला नाही.

मामा मूळचे जळकोटकडचे. आमचं गाव नांदेडच्या रस्त्यावर. नगरपालिका असल्यामुळे स्वतःला शहर म्हणवून घेणारं. चाकूरपासून अर्धापूरपर्यंत कितीतरी दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं मामांच्या हातची होती. मग फ्लेक्स आलं आणि त्यांचा धंदा बसला. आम्ही सगळे हळहळलो आणि आपापल्या दुकानांवर फ्लेक्स लावून मोकळे झालो. माझ्या भावाच्या दुकानावरही तेच लागलं. मामा त्याच्या उद्घाटनाला येऊन पेढा खाऊन गेले.

हात रिकामे झाले तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीची लांब भिंत धरली. तिच्या कडेला लोक कचरा टाकायचे. मामांनी तिच्यावर आमची गल्लीच काढली. बांगड्यांची टोपली घेतलेल्या राधाबाई, रेडिओ कानाला लावलेले तात्या, लाईनमन, पिठाच्या गिरणीवाला, सगळे ज्याच्या त्याच्या उंचीचे. "सोताच्या तोंडावर कोन कचरा टाकतंय?" मामा म्हणाले. आणि खरंच कचरा बंद झाला. पालिकेच्या दंडाच्या पाटीला जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, ते राधाबाईंच्या चेहऱ्यानं केलं.

गल्लीत कुणी गेलं की तेरावा उरकल्यावर मामा रंगाचा डबा घेऊन यायचे आणि भिंतीवरच्या त्या माणसाच्या पायातल्या वहाणा तेवढ्या पुसायचे. माणूस तसाच ठेवायचे, अनवाणी. "आता कुटं चालत जायचंय त्यांला," म्हणायचे. माझी आई गेली तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिच्या हिरव्या पट्ट्याच्या चपला त्यांनी पुसल्या आणि मोकळ्या झालेल्या पायांवर टाचेच्या भेगा काढल्या. "लई हिंडली बाई," एवढंच बोलले. मी दवाखान्यात रडलो नव्हतो, तिथं रडलो.

स्वतःला त्यांनी अगदी टोकाला काढलं होतं. शिडीवर, पाठमोरं, पायात निळ्या पट्ट्याची स्लिपर.

मी पालिकेत लिपिक. वस्त्यांमधल्या भिंती कलेनं सजवायला सरकारी अनुदान मिळणार असल्याचं पत्र आलं आणि प्रस्ताव करायचं काम माझ्याकडे आलं. मला मनापासून आनंद झाला. वाटलं, मामांचे दिवस फिरले. प्रस्तावासोबत कामापूर्वीचा फोटो जोडायचा होता. आमचे साहेब मामांची भिंत बघायला आले आणि म्हणाले, "ही तर रंगवलेली आहे. हिला पैसे कोण देईल? भिंत कोरी दाखवा."

दुसरी भिंत शोधता आली असती. पण ही मोक्याची, रस्त्यावरची. शिवाय साहेबांच्या पुढे बोलायची मला सवय नाही. मी मामांकडे गेलो. म्हणालो, "मामा, एकदा चुना मारू, फोटो काढू. मग अख्ख्या गावच्या भिंती तुमच्याच."

मामांनी भिंतीकडे बघितलं. "पक्कं का भाऊसाहेब?"

"पक्कं."

"मंग दुसऱ्याचा हात नगं. मीच मारतो."

दोन दिवस ते चुना मारत होते. तात्यांवर, राधाबाईंवर, माझ्या आईवर. शेवटी शिडीवरच्या स्वतःवर. मी मोबाईलवर फोटो काढला. छान कोरा आला.

प्रस्ताव आधी एका सहीसाठी परत आला, मग एका नकाशासाठी. तिसऱ्यांदा आला तो नामंजूर होऊन. शेरा असा होता: सदर वस्तीत स्थानिक कलेची परंपरा असल्याचा कोणताही पुरावा जोडलेला नाही. साहेबांनी तो वाचला, फाईल बंद केली आणि मला चहा सांगायला लावला.

चुन्याआधीच्या भिंतीचा फोटो शोधत मी गल्लीत घरोघर फिरलो. लग्नाच्या, वाढदिवसाच्या फोटोंमागे कुठं रेडिओचा कोपरा, कुठं टोपलीची कड. त्यातून काय सिद्ध होणार? शेवटी मामांना सांगावंच लागलं. ते उठले. भिंतीपाशी गेले, बोट घासलं, जिभेला लावलं. आमच्याच पालिकेच्या टाकीची गळती तोवर भिंतीत उतरली होती.

"खारट झाली," मामा म्हणाले. "दोन पावसाळे थांबावं लागल."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मलाच समजावू लागले, "तुमी चांगल्यासाठीच केलं, भाऊसाहेब." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या दारावरून जाताना ते पूर्वी हाक मारायचे. त्यानंतर नुसते हात वर करून पुढं जायचे.

भिंतीखाली कचरा पुन्हा सुरू झाला. एक पावसाळा गेला. दुसरा मामांना लाभला नाही.

तेराव्याला पानं उठल्यावर राधाबाई दारात थबकल्या. भिंत पांढरी झाली हे त्यांना रोज दिसत होतं, पण सवयीनं बोलून गेल्या, "आता मामाच्या वहाणा कोन पुसायचं?"

मी खाली मान घालून माझी चप्पल शोधत होतो. मामांच्या वहाणा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. त्या मीच पुसायला लावल्या होत्या, त्यांच्याच हातानं, ते चालते-फिरते असताना.