इन्क्यूबेटरमधल्या अक्षता

दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बशीत पांढरे तंतू पसरले होते. बुरशी, आणि तीही सगळ्या बश्यांत.

त्या पेशी मानवी मूत्रपिंडाच्या होत्या. साखर वाढली की त्यांनी आपणहून इन्सुलिन बनवावं, म्हणून त्यांच्यात नवी जनुकं घालण्यात माझी कित्येक वर्षं गेली होती. हाच विषय का, असं कोणी विचारलं की मी भारदस्त काहीतरी ठोकून देते. खरं कारण घरी बसलेलं असतं. रोज पोटाला सुई टोचून घेणारे माझे बाबा. हल्ली त्यांच्या पायाची जखमही भरत नव्हती.

इन्क्यूबेटर म्हणजे पेशी उबेत ठेवायचं कपाट. ते रिकामं केलं, तर तळाच्या पाण्याच्या ट्रेमागे कुंकवात माखलेले तांदूळ निघाले, हिरवी लव उगवलेले. कोणाचं काम ते लगेच कळलं. या हिंदी मुलखातही खंडेराव गेटजवळच्या आमच्या मराठी घरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. आता हत्यारं म्हणजे विळी आणि बाबांचे नट-बोल्ट पिळायचे पाने. यंदा तुझ्या मशीनचीही पूजा करतो म्हणून ते हट्टानं प्रयोगशाळेत आले होते. कुंकू फक्त दाराला लावा, असं बजावून मी फोन घ्यायला बाहेर गेले होते.

आता भिस्त होती ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या त्याच पेशींच्या दोन कुप्यांवर. पण उन्हाळ्यात नायट्रोजनची गाडी मोठ नावाच्या गावाजवळ अडकून पडली होती आणि आमचं भांडं जवळजवळ कोरडं झालं होतं. आतल्या पेशी जगल्या की मेल्या, हे वितळवल्याशिवाय समजत नाही. पहिली कुपी वितळवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी वर तरंगत होत्या, मेलेल्या. मग दुसरी वितळवून बशीत ओतली.

त्या संध्याकाळी बाबांवर तोंड सोडायचं ठरवूनच घरी गेले. प्रत्यक्षात, अक्षता आत का ठेवल्या, एवढंच विचारलं.

“अगं, बाहेरून काय वाहायचं? भगवान तो भीतर होते हैं ना,” ते म्हणाले. मग पायाची पट्टी नीट करत हळूच म्हणाले, “तिथे माझं औषध बनतंय. म्हणून दोन दाणे माझ्या नावाचे.”

बुरशीचं मी बोललेच नाही.

सकाळी दुसऱ्या कुपीतल्या पेशी बशीच्या तळाला चिकटलेल्या दिसल्या. थोड्याच होत्या, पण जिवंत होत्या. मी स्टुलावर बसून रडले. घरी येऊन बाबांना सांगितलं, मशीन ठीक आहे. ते खूश झाले, पुढच्या खंडेनवमीला मूठभर ठेवतो म्हणाले.

कपाटाला मी कुलूप लावीन. पण पुढच्या वर्षी त्या पायानं ते प्रयोगशाळेचा जिना चढून येऊ शकतील ना, या धास्तीनं माझी झोप उडाली आहे.