मुमताजआपांची नजर

सकाळी लॅबमध्ये आल्यावर मुमताजआपा आधी मशीनकडे जात नसत. पर्स खुंटीला अडकवून त्या छपाईचा एक कोरा कागद उचलत आणि दाराशी जाऊन बाहेरच्या उजेडात मिनिटभर त्याच्याकडे बघत उभ्या राहत. पहिल्या दिवशी मला वाटलं, कागदावर काही लिहिलेलं असावं. विचारलं, तर म्हणाल्या, "पांढरा बघून घेते गो. तो डोळ्यांत नीट बसला की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात."

अलिबागला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची फोटो लॅब. लग्नाचे अल्बम, शाळांचे ग्रुप फोटो, आणि वर्षभर न थांबणारं काम म्हणजे गेलेल्या माणसांचे, घरात लावायचे फोटो. आलेल्या फोटोचा रंग आणि उजेड सुधारून फाइल छपाईसाठी तयार करायचं काम आपांचं. त्या मुरुडहून सकाळच्या गाडीनं येत. मी लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून शिकत होते.

त्यांच्याकडे "नवरीला जरा गोरी करा" म्हणायची सोय नव्हती. "तिला अशीच पसंत केलीय ना? मग तिच्या अल्बममध्ये दुसरी मुलगी कशाला?" असं त्या शांतपणे विचारत, आणि नवरदेवाची आई अल्बमच्या मापाचं बोलायला लागे. फोनवरून फोनवर फिरत आलेला पुसट फोटो त्या घेतच नसत. "ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ फाइल आणा," म्हणत, आणि माणसांना जमत नसेल तर स्वतः चार ठिकाणी फोन लावत. पुसट चेहरा क्षणात लख्ख करणारं एक नवं सॉफ्टवेअर मालकांनी आणलं, तेव्हा आपांनी एका म्हाताऱ्याचा फोटो त्यातून काढून पाहिला आणि मान हलवली. "चेहरा साफ नाही केला ह्यानं, नवा बसवला. हे डोळे त्या माणसाचे नाहीत. घरच्यांनी हार कुणाला घालायचा?"

अशा बाईच्या हातून रंग चुकायला लागले, तेव्हा ते मला कळूनही पटेना. आधी त्या कागदाला दोष देऊ लागल्या. "हल्ली कागद पिवळा येतो," म्हणत. कागद पिवळा नव्हता. मग स्क्रीन बदलून झाली. त्यांना सगळं पिवळसर दिसे, म्हणून त्या पिवळा कमी करत जात, आणि छापून आलेल्या चेहऱ्यांवर निळसर झाक उतरे. त्यांना साखरेचा आजार होता, हे मला ठाऊक होतं. पण बोलायची हिंमत झाली नाही. त्यांची गाडी पाचची, माझं घर जवळ. त्या गेल्या की मी त्यांच्या फाइली उघडून रंग पुन्हा जागेवर आणायची आणि मग छपाईला पाठवायची. दोन महिने हे चाललं. आपण आपांचा मान राखतोय, असं मला वाटत होतं.

मग तापामुळे मी तीन दिवस घरी राहिले. चौथ्या दिवशी आले तेव्हा काउंटरपाशी एक कोळीण उभी होती. तिचा मुलगा होडी उलटून गेला होता, आणि दोन दिवसांनी पाण्यात सापडला होता. आदल्या दिवशी आपांनी केलेला त्याचा फोटो ती परत घेऊन आली होती. तिनं तो काउंटरवर पालथा ठेवला.

"बाय, यो नको मना," ती म्हणाली. "पान्यातना काडला तवा आसाच निला व्हता. मना त्यो जिता पायजे."

आपांनी फोटो उलटा केला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे वळल्या. "वैशाली, हा निळा आहे?"

मी म्हटलं, "हो आपा."

"खूप?"

"हो."

त्यांनी फोटो बाजूला ठेवला. "आजच झालं हे, की आधीपासून?"

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "माझा मान राखलास. आणि ह्या आईला काय दाखवलंस?"

मग त्यांनी मला आपल्या जागी बसवलं, आणि त्या बाईला दाराशी स्टुलावर बसवून विचारलं, "मावशी, रंगानं तुमच्यावर गेला होता का?" तिनं आपला हात पुढे केला. उन्हानं रापलेला, तांबूस काळा. मी थोडा रंग बदलायची, छोटा तुकडा छापायची, आणि आपा मला तो तुकडा दाराच्या उजेडात त्या हाताशेजारी धरायला लावत. दर वेळी विचारत, "मावशी, रंग मिळतोय?" पाचव्या तुकड्याला त्या बाईनं पदर तोंडाला लावला. मोठा फोटो तसाच छापला. जाताना तिनं तो छातीशी धरला होता.

त्याच दुपारी आपांनी मालकांना स्वतः सांगितलं, "मला आता रंग दिसत नाहीत." पुढच्या आठवड्यात मांडव्याहून बोटीनं मी त्यांना मुंबईला नेलं. डोळ्याच्या पडद्याचं जे नुकसान झालं ते भरून येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतताना आपा समुद्राकडे बघत होत्या. मी माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन महिने आधी बोलली असतीस, तर दोन महिने आधी मुंबईला आलो असतो." त्या वाक्यानं मला पुढे कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही.

महिनाभर माझ्या शेजारी बसून त्यांनी उरलंसुरलं शिकवलं आणि काम सोडलं.

गेल्या वर्षी मुरुडला त्यांच्या बहिणीच्या घरी भेटायला गेले. दिसणं जवळजवळ थांबलं होतं. माझा आवाज ओळखून त्यांनी मला पलंगावर बसवलं. बहीण चहा करायला आत गेली, तशा म्हणाल्या, "येणारा जो तो म्हणतो, बऱ्या दिसताय. तू सांग. चेहऱ्यावर काय दिसतंय?"

'छान' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आपा, पाय सुजलेत. पायांसारखीच तोंडालाही सूज चढतेय, डोळ्यांखाली जास्त. आणि रंग उतरलाय, राखेसारखा झालाय."

मग त्यांनी हात पुढे केला, माझा हात सापडल्यावर तो घट्ट धरला.

"मलाही तसंच वाटत होतं," त्या म्हणाल्या. "शुक्रिया, बेटा."

एस.टी.ची वेळ होईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.