नीलव्वाच्या छातीतलं मेण

आमच्या गल्लीत भाकरी थापणारा एकच पुरुष होता, नीलव्वाचा नवरा बसाप्पा. सुताच्या दुकानातून यायचा, हात धुवायचा आणि काठवटीपुढे बसायचा. नीलव्वा परसदारी वाऱ्याला बसून त्याला सांगायची, पीठ सैल झालंय, तवा अजून तापू दे. बायका खिडकीतून बघून हसायच्या. कुणी चुलीपाशी बोलावलं तर तिचं उत्तर ठरलेलं, "नगं गं, मी लोण्याची हाय की." सोलापुरात उन्हाळ्यात भिंतीसुद्धा चटका देतात, तिथं असलं नाजूकपण कोण खपवून घेणार? सासू तर उघड म्हणायची, सून नाही, राणी आणली.

मी शेजारीच राहायचे आणि बायकांच्या दवाखान्यात नर्स होते. एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. मलाही ती नखरेल वाटायची. एका दुपारी ती माझ्या घरी आली, दार लावून घेतलं आणि पदर बाजूला केला. छातीवरची कातडी जांभळी पडली होती, आत दगडासारख्या गाठी, आणि एका बाजूची गाठ पार काखेकडे सरकलेली. माझा सगळा तोरा तिथेच उतरला.

मग हळूहळू सारं बाहेर आलं. तिची पहिली मुलगी महिन्याभरात गेली होती. दूध पुरलं नाही म्हणून गेली, आणि पुरलं नाही कारण सुनेची छाती म्हणजे नुसती फळी, असा निकाल सासूने दिला. छाती लहान असली म्हणून दूध कमी येत नाही, हे तेव्हा तिला सांगणारं कुणी नव्हतं. पुढे स्टेशनजवळच्या लॉजमध्ये रंगूनहून आलेला कुणी डॉक्टर उतरला. मेण पातळ करून तो सुईने छातीत भरायचा. नीलव्वा जावेला सोबत घेऊन गुपचूप जाऊन आली. छाती भरली, सासू गप्प झाली. "त्ये वरीस लई ब्येस गेलं, अक्का," ती मला म्हणाली. डॉक्टर केव्हाच पसार झाला होता. जाताना मात्र बजावून गेला होता की विस्तवापाशी जाऊ नको, मेण वितळेल. बिचारी तेवढं इमानाने पाळत होती.

मी तिला समजावलं की हे मेण चुलीच्या आचेने वितळत नाही, ते मांसात मुरलंय. ऐकून तिला धीर येईल, अशी माझी समजूत. तिने पदर ओढून घेतला आणि विचारलं,

"म्हंजे त्ये भाईर यायचंच न्हाय?"

तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं, अगदीच सोसेना झालं तर एक दिवस चुलीपुढे जाऊन बसायचं, मेण पातळ होऊन निघून जाईल. तेवढी एक वाट तिला होती, आणि ती मी माझ्या शहाणपणाने बंद केली. मला फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात गाठी फुटल्या. पू, ताप. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून आडपडदा न ठेवता सांगितलं, औषधाने हे विरणार नाही, सुईने ओढता येणार नाही. दोन्ही बाजू कापून काढाव्या लागतील. नाही काढल्या तर विष रक्तात जाईल, काढल्या तरी जिवाची हमी नाही. सासू म्हणाली, थान नसलेली बाई घरात आणून काय करू? बसाप्पा म्हणाला, कापा. नीलव्वाही कापा म्हणाली. एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला गळ्यातलं काढून ठेवायला सांगितलं.

लिंगायतांत गळ्यात बांधलेलं शिवाचं लिंग जीव असेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत, आणि ते टेकलेलं असतं नेमकं छातीवर. नीलव्वा खाटेवरून उतरली, लुगडं सावरून दाराकडे निघाली. "लिंग उतरलं म्हंजे मी मेलेच की. मग कापता कशाला?"

डॉक्टरीणबाई चिडल्या. त्यांच्याहून जास्त मी चिडले. शेवटी बसाप्पानेच सुचवलं, पूजेला ती रोज लिंग डाव्या तळहातावर घेते, तसंच हातात असू द्या. पण क्लोरोफॉर्म दिल्यावर मूठ उघडणारच. नीलव्वाने माझ्याकडे पाहिलं. मी ख्रिस्ती, तिच्या सासूने मला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"अक्का, तू धर."

ऑपरेशन संपेपर्यंत मी तिची मूठ माझ्या दोन्ही हातांत धरून उभी होते. मेण मांसात असं मिसळलं होतं की कुठे थांबावं ते डॉक्टरीणबाईंना कळेना. शुद्धीवर आल्यावर नीलव्वाने आधी हाताकडे बघितलं, मग छातीवरच्या सपाट पट्ट्यांकडे. हलकं वाटतंय, म्हणाली. ताप मात्र उतरला नाही. आठवड्याच्या आत ती गेली.

लिंगायत मृताला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. बसाप्पाने तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं, फुलं घातली होती, आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवून तो तिची बोटं मिटवत होता. बोटं पुन्हा पुन्हा उघडत होती. सासू भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला आत ये असं कुणी म्हटलं नाही. पण ऑपरेशनभर धरलेल्या त्या मुठीची खोड मला माहीत झाली होती.

"बसाप्पा, आधी अंगठा आत घ्या," मी दारातूनच म्हणाले, "मग बोटं."

त्याने तसं केलं. मूठ मिटली.