टाळ्या चेष्टेच्या होत्या

सुरुवातीला मंडळ चष्म्याच्या दुकानातच गायचं. गिऱ्हाईक संपलं की दुकानदार शटर अर्धं ओढायचा आणि तो, शेजारची नर्स, दोन शिक्षक आणि त्याची धाकटी बहीण काउंटरला टेकून गायला लागायचे. आईवडील लवकर गेले, बहिणीला त्यानंच वाढवलं. सूर कसा धरायचा, तेही त्यानंच शिकवलं. पुढं मंडळ वाढलं, वाचनालयाच्या वरचा हॉल मिळाला आणि बहीण सगळ्यांची गाणी बसवू लागली. तो मागच्या रांगेत उभा राहायचा.

मग त्याचे कान गेले. यंत्र लावलं की घरभर भांडी पडल्यासारखी वाटतात, म्हणून ते खिशातच राहायचं. बाकीचे थांबले तरी याचं चालूच, तेही खड्या आवाजात. रांगेतले एकमेकांना कोपरानं ढोसायचे. बहीण म्हणायची, "बघते मी."

वार्षिक कार्यक्रमात एका कडव्यानंतर क्षणभर थांबायचं होतं. बहिणीनं मूठ मिटली, सगळे गप्प झाले. तो डोळे मिटून गातच राहिला. तिनं पुढची खूण केलीच नाही. मूठ तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली. प्रेक्षकांत हशा पिकला. पुढचं कडवं संपवून त्यानं डोळे उघडले, तर लोक टाळ्या वाजवत होते.

घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "छोटीनं मला एकट्याला गाऊ दिलं. बघितलंस ना?"

बायको रस्त्याकडे बघत चालत राहिली.

पुढच्या सरावाला तो इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांसाठी बिस्किटांचा डबा घेऊन गेला. बहिणीनं दारातच गाठलं.

"दादा, आता तू येत जाऊ नकोस."

"काय?"

"बेसूर होतं रे."

"जरा मोठ्यानं बोल गं."

तिनं मागं बघितलं. हॉल भरला होता. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "लोक तुला हसत होते. टाळ्या चेष्टेच्या होत्या."

आत पेटी वाजायची थांबली. त्याला ऐकू आलं होतं. तरी तो म्हणाला, "पुन्हा सांग."

ती पुन्हा ओरडली. एक शब्दही बदलला नाही.

डबा खुर्चीवर ठेवून तो कठड्याला धरून जिना उतरला. वर मंडळींनी बिस्किटं खाल्ली. "बरं झालं, एकदाचं सांगितलंस," नर्स म्हणाली. बहिणीनं हात झटकले, मागच्या रांगेला जरा सरकून उभं राहायला सांगितलं आणि सूर दिला.